किंमत दहा हजार, पगार आठ!

आयपीएलचा लिलाव सुरू असला की आपले सगळे ग्रुप जागे असतात. हातोडी पडली, आकडा ठरला, की लगेच मीम्स सुरू. ‘एवढ्यात आमचं अख्खं कॉलेज विकत येईल’ वगैरे. पण त्या आकड्याबद्दल एक गोष्ट आपण धरूनच चालतो. ज्याच्यावर बोली लागली, पैसे त्यालाच मिळणार. आणि बहुतेकदा मिळतातही. लिलावातली बोली ही सहसा त्या खेळाडूची त्या हंगामाची फी असते.

आता जरा वेगळा लिलाव डोळ्यांसमोर आणा. बोली तुमच्यावर लागलीये, पेपरात फोटो तुमचा आलाय, चौकाचौकात चर्चा तुमची. पैसे मात्र सगळेच्या सगळे तुमचा जुना क्लब घेऊन गेला. तुमच्या हातावर टेकवले सहीचे १० पौंड. पगार? जुन्या ठिकाणी होता तेवढाच. त्याहून एक पेनी जास्त देणं नियमात बसत नाही!

हे खरंच घडलंय. मे १९३० मध्ये न्यूकॅसल युनायटेडने आपला सेंटर फॉरवर्ड लंडनच्या चेल्सीला विकला. किंमत १०,००० पौंड. ब्रिटिश फुटबॉलमध्ये पाच आकडी रक्कम पहिल्यांदा मोजली गेली, त्याला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. आणि ज्याच्यासाठी हे पैसे मोजले, त्याचा पगार हंगाम सुरू असताना आठवड्याला ८ पौंड आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ६.

त्याचं नाव ह्यूई गॅलाखर. (स्कॉटलंडमध्ये यातला ‘ख’ अगदी घशातून काढतात, म्हणून ‘गॅलाघर’ न लिहिता असं लिहिलंय.) उंची पाच फूट पाच इंच. आपल्या कॉलेजच्या टीमच्या ट्रायल्सना आला असता तर ‘तू विंगवर उभा राहा’ म्हणून बाजूला काढला असता. पण हा पठ्ठ्या उभा राहायचा बरोबर मधोमध, त्याच्यापेक्षा अर्धा-पाऊण फूट उंच डिफेंडरांच्या घोळक्यात. स्कॉटलंड आणि इंग्लंडमधल्या लीग सामन्यांत मिळून त्याने ३८७ गोल केले.

दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांतला हा माणूस. टीव्ही नाही, रिप्ले नाही. आज शोधायला गेलं तर काळ्या-पांढऱ्या, थरथरत्या क्लिप्सचे चार तुकडे हाती लागतात. आणि जिथे जिथे त्याच्याबद्दल लिहिलंय, तिथे शेवटचं वाक्य बहुधा ठरलेलं असतं. टॅलेंट अफाट होतं, पण दारूने आणि स्वभावाने वाया गेला. हे ‘वाया गेला’ मला काही पटत नाही. का, ते सांगते.

एकाच शाळेतली दोन पोरं

ग्लासगोच्या आग्नेयेला लॅनार्कशर नावाचा भाग आहे. तिथलं बेल्सहिल हे कोळशाच्या खाणी आणि पोलादाच्या कारखान्यांचं गाव. २ फेब्रुवारी १९०३ ला ह्यूईचा जन्म इथला. शाळेतला दोस्त कोण, तर अ‍ॅलेक्स जेम्स, जो पुढे आर्सेनलचा मेंदू म्हणून ओळखला गेला. गावालगतच्याच ऑर्बिस्टन वस्तीत १९०९ मध्ये आणखी एक पोरगा जन्मला, मॅट बझ्बी. हो, मँचेस्टर युनायटेडवाला. एवढ्याशा पंचक्रोशीतून अशी तीन नावं!

त्या पंचक्रोशीत पोराचं भविष्य ठरलेलं असायचं. शाळा सुटली की खाण. ह्यूईही खाणीत उतरला होता. वर यायचा एक रस्ता म्हणजे फुटबॉल, आणि हजारो पोरं त्याच एका रस्त्यावर धावत होती.

सतराव्या वर्षी ह्यूईने लग्न केलं. मुलगी कॅथलिक, हा प्रोटेस्टंट घरातला. त्या काळच्या त्या गावात हे किती अवघड प्रकरण असेल याचा अंदाज आपल्याला वेगळा करायला नको. पहिलं मूल तान्हं असतानाच गेलं. लवकरच दोघं वेगळी झाली. घटस्फोट मात्र दहा-बारा वर्षं लोंबकळत राहिला आणि शेवटी महागात पडला. त्याच्याकडे पुढे येऊच.

डमफ्रीझ गावात क्वीन ऑफ द साऊथ नावाचा नवाकोरा क्लब होता. तिथे ह्यूईने ९ सामन्यांत १९ गोल ठोकले आणि मग न्यूमोनियाने आडवा झाला. बरा झाल्यावर १९२१ मध्ये एअरड्रीओनियन्सने त्याला उचललं. एअरड्री म्हणजे बेल्सहिलच्या शेजारचंच गाव, क्लब छोटा. पण या पोरांनी कमाल केली. १९२३ पासून सलग चार वर्षं स्कॉटिश लीगमध्ये दुसरा नंबर! पहिला कोणाचा? तीनदा रेंजर्स आणि चौथ्यांदा सेल्टिक. स्कॉटिश फुटबॉल बघणाऱ्यांना हे सांगायची गरजच नाही. १९२४ मध्ये मात्र एअरड्रीने हिबर्नियनला २-० हरवून स्कॉटिश कप उचलला. त्यांच्या इतिहासातला तो एकमेव.

चौथा दुसरा नंबर लागेपर्यंत ह्यूई तिथे नव्हता. डिसेंबर १९२५ मध्ये, हंगाम अर्ध्यावर असताना, एअरड्रीने त्याला न्यूकॅसलला विकलं. किंमत सुमारे ६,५०० पौंड. छोट्या क्लबांनी हिरा घडवायचा आणि मोठ्यांनी तो उचलायचा, हा खेळ काल-परवाचा नाही.

ऑफसाइड बदलला, दार उघडलं

इथे थोडा नियमांचा तास घ्यावा लागेल. कंटाळू नका, मजा आहे यात.

१९२५ पर्यंत ऑफसाइडचा नियम असा होता की पास सुटताना तुमच्या आणि गोललाइनच्या मध्ये प्रतिस्पर्ध्यांचे किमान तीन खेळाडू हवेत, त्यात गोलकीपर धरून. म्हणजे एका डिफेंडरने नेमक्या क्षणी दोन पावलं पुढे टाकली की सगळे फॉरवर्ड ऑफसाइड. या ट्रिकचा बादशहा होता बिल मॅक्रॅकन नावाचा बेलफास्टचा डिफेंडर. तो इतका पक्का की सामने शिट्ट्यांमध्येच संपायचे. प्रेक्षक वैतागले, गोल आटले. शेवटी १९२५ च्या उन्हाळ्यात नियम बदलला. तीनच्या जागी दोन. इंग्लंडच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये आदल्या हंगामात १,१९२ गोल झाले होते, नव्या हंगामात थेट १,७०३!

आता गंमत बघा. मॅक्रॅकन इतकी वर्षं खेळला कुठल्या क्लबकडून? न्यूकॅसलकडून. त्याच क्लबच्या डिफेंडरमुळे बदललेल्या नियमाचा सगळ्यात मोठा फायदा उठवायला, नियम बदलून सहा महिने झाले नाहीत तोच, त्याच क्लबमध्ये ह्यूई येऊन उभा राहिला.

१२ डिसेंबर १९२५, समोर एव्हर्टन. पहिल्याच सामन्यात ह्यूईचे दोन गोल. सामना ३-३. एव्हर्टनचे तिन्ही गोल एका अठरा वर्षांच्या पोराचे, डिक्सी डीनचे. या डीनने पुढे १९२७-२८ च्या एका हंगामात लीगमध्ये ६० गोल केले. तो विक्रम आजही कोणी मोडलेला नाही. एका मैदानावर ही दोघं! तिकीट काढून आलेल्यांचे पैसे वसूल झाले असणार.

पुढच्याच हंगामात, १९२६-२७ मध्ये, ह्यूई कॅप्टन झाला. ३८ लीग सामने, ३६ गोल आणि न्यूकॅसल चॅम्पियन. एका हंगामातल्या लीग गोलांचा तो क्लबचा विक्रम. आणि ती ट्रॉफी? त्यानंतर न्यूकॅसलने लीग पुन्हा जिंकलेलीच नाही. अ‍ॅलन शिअररसारखा माणूस येऊन गेला, तरी नाही.

तो खेळायचा कसा, हे त्याला पाहिलेल्यांनी भरपूर लिहून ठेवलंय. पाठ गोलकडे, बॉल पायाशी, मागून डिफेंडर अंगावर. एक खांदा झुकवायचा, दुसऱ्या बाजूने वळायचा आणि डिफेंडर मागेच राहायचा. दोन्ही पायांनी शॉट. उंची नसूनही डोक्याने गोल, कारण उडी कधी मारायची याचं टायमिंग. इतकं चुकवून गेल्यावर डिफेंडर करणार काय? लाथ मारणार. आपण ज्याला कार्ड म्हणतो ती लाल-पिवळी कार्डं १९७० च्या वर्ल्ड कपपासूनची. बदली खेळाडू इंग्लिश लीगमध्ये आले १९६५ ला. म्हणजे नव्वद मिनिटं मार खायचा, लंगडायला लागलात तरी मैदानातच राहायचं. सामन्यानंतर ह्यूईच्या नडग्या रक्ताने माखलेल्या असायच्या. आणि तो गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. डिफेंडरला उत्तर, रेफ्रीलाही उत्तर. डोकं सटकलं की सटकलं.

धुकं, आंघोळ आणि वेम्बली

३१ डिसेंबर १९२७, न्यूकॅसल विरुद्ध हडर्सफील्ड. ह्यूईला पेनल्टी हवी होती, रेफ्रीने दिली नाही. रेफ्रीचं आडनाव फॉग. फॉग म्हणजे धुकं. तुम्ही नावाला जागलात, दिवसभर धुक्यातच होतात, असं काहीतरी ह्यूई त्याला बोलला म्हणतात. एवढ्यावर थांबला असता तर काय हवं होतं! सामना संपल्यावर साहेब माफी मागायला रेफ्रीच्या खोलीत गेले. रेफ्री आंघोळीच्या टाकीपाशी वाकलेला, पाठ यांच्याकडे. ह्यूईने दिला ढकलून.

हसू येतंच. पण शिक्षा चांगलीच लागली, दोन महिने बंदी.

ती संपते न संपते तोच ३१ मार्च १९२८ आला. वेम्बलीवर इंग्लंड विरुद्ध स्कॉटलंड. त्या वर्षीच्या होम चॅम्पियनशिपमध्ये दोघंही एकही सामना न जिंकता आलेले, म्हणजे खरं तर तळाच्या जागेसाठीची मारामारी. पण ही मॅच टेबलवर कधीच मोजली जात नाही. आपल्याकडे भारत-पाकिस्तानची मोजतो का?

स्कॉटलंडचा संघ जाहीर झाला आणि तिकडे बोंब उठली. एक तर अकरापैकी आठ जण इंग्लिश लीगमधल्या क्लबांत खेळणारे. दुसरं म्हणजे सेल्टिकचा जिमी मॅग्रोरी, जो तिकडे गोलांचा पाऊस पाडत होता, तो बाहेर आणि दोन महिने मैदानच न बघितलेला ह्यूई आत. (मॅग्रोरीला आख्ख्या कारकिर्दीत स्कॉटलंडकडून ७ सामने मिळाले. ह्यूईच्या काळात जन्माला यायची शिक्षा!) त्यात फॉरवर्ड लाइन बघून तर लोकांनी कपाळावर हात मारला असेल. जॅक्सन, डन, गॅलाखर, जेम्स, मॉर्टन. पाचांत सगळ्यात उंच अ‍ॅलेक्स जॅक्सन, पाच फूट सात इंच.

आदल्या रात्री कॅप्टन जिमी मॅकमलनने पोरांना फार डावपेच सांगितले नाहीत. झोपा आणि पाऊस पडू दे म्हणून प्रार्थना करा, एवढंच. पाऊस पडला. ओल्या गवतावर इंग्लंडचे धिप्पाड डिफेंडर वळता वळता घसरायला लागले आणि बुटके त्यांच्या पायांतून बॉल खेळवत राहिले. पहिल्याच मिनिटाला इंग्लंडचा शॉट पोस्टवर आदळला होता. तो आत गेला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. नंतर मात्र जॅक्सनचे तीन, बेल्सहिलच्या अ‍ॅलेक्स जेम्सचे दोन. स्कॉटलंड ५, इंग्लंड १. समोर त्या हंगामात साठ गोल करणारा डीन होता, त्याला एकही करता आला नाही.

या संघाला ‘वेम्बली विझर्ड्स’ म्हणतात. हे अकरा जण पुन्हा कधीच एकत्र खेळले नाहीत.

बघा, या सामन्यात ह्यूईचा एकही गोल नाही. पण डिफेंडर त्याच्यामागे खेचले जात होते आणि मोकळी झालेली जागा बाकीच्यांच्या कामी येत होती. आज याला ‘फॉल्स नाइन’ का काय म्हणतात, त्यावर तासभराचे व्हिडिओ निघतात. तेव्हा स्कोअरबोर्डवर नाव नसलं की नाव नसलं. स्कॉटलंडसाठी त्याचे एकूण सामने २०, गोल त्याहून जास्त. म्हणजे सरासरी सामन्याला एकाच्या वर. फेब्रुवारी १९२९ मध्ये बेलफास्टला आयर्लंडविरुद्ध ७-३ ने जिंकताना एकट्याचे पाच.

आता हिशेब

१९२९ च्या हंगेरी दौऱ्यात न्यूकॅसलचे खेळाडू, त्यात ह्यूई, दारू पिऊन मैदानात उतरले असा आरोप झाला. खुलासा काय आला, तर उकाडा फार होता, म्हणून व्हिस्की-पाण्याने गुळण्या केल्या! चौकशीत तो सुटला. पण आजारी पडलं तरी ‘पिऊन पडला असेल’ म्हणायचं, असं नाव आता झालं होतं. त्यानंतर वर्षभरात त्याला विकलं.

तो विकला गेला याचं न्यूकॅसलच्या लोकांना काय वाटलं, त्याचा पुरावा आकड्यात आहे. ३ सप्टेंबर १९३० ला चेल्सी न्यूकॅसलमध्ये खेळायला आली. बुधवार, कामाचा दिवस. सेंट जेम्सेस पार्कवर माणसं किती? ६८,३८६. त्या मैदानावरची आजवरची सर्वाधिक गर्दी. ती जमली प्रतिस्पर्धी संघातून आलेल्या आपल्या माणसाला बघायला. न्यूकॅसलने सामना १-० जिंकला, पण त्या दिवशी गल्ल्याकडे बघणाऱ्याला तरी कळलं असेल की ही गर्दी कोणामुळे होती.

त्या गल्ल्यातून ह्यूईला काही मिळायचा प्रश्नच नव्हता.

इंग्लिश लीगमध्ये पगाराला कमाल मर्यादा होती. १९०१ मध्ये ती आठवड्याला ४ पौंडांवर सुरू झाली, मग वाढत गेली आणि १९२२ मध्ये पुन्हा कापून ८ वर आणली. उन्हाळ्यात ६. तुम्ही ३६ गोल करा नाहीतर बेंचवर बसायच्या लायकीचे असा, त्याच्या वर जायचं नाही. शिवाय ‘रिटेन अँड ट्रान्स्फर’ नावाची पद्धत. तुमचा करार संपला तरी तुमची नोंदणी क्लबच्या तिजोरीत. त्यांनी सोडलं नाही तर लीगमध्ये दुसरीकडे खेळता येणार नाही. कॉलेज बदलायचंय आणि जुनं कॉलेज एलसीच देत नाही, अशी अवस्था. फरक इतकाच की कॉलेज तुमचा एलसी विकत नाही.

आठ पौंड कमी होते का? तेव्हाच्या कामगाराला आठवड्याला तीन पौंडांच्या आसपास मिळायचे. त्यामुळे खाणीतून आलेल्या पोराला आठ पौंड भरपूरच वाटणार. ह्यूईचे कपडेही झोकात असायचे. डबल-ब्रेस्टेड सूट, बुटांवर पांढरी स्पॅट्स, हातात गुंडाळलेली छत्री. स्टार होता तो. पण साधा गुणाकार करून बघा. हंगामाचे ३७ आठवडे गुणिले ८, उन्हाळ्याचे १५ गुणिले ६. वर्षाला ३८६ पौंड. चेल्सीने त्याच्यासाठी मोजलेले १०,००० पौंड या पगाराने कमवायला त्याला जवळपास २६ वर्षं लागली असती. सेंटर फॉरवर्डचे पाय टिकतात दहा, फार तर पंधरा.

यातून वाट काढणारे होते. आठवतोय ना शाळेतला दोस्त, अ‍ॅलेक्स जेम्स? १९२९ मध्ये आर्सेनलने प्रेस्टनकडून त्याला ८,७५० पौंडांना घेतलं. पगार तर तोच आठ. मग आर्सेनलने त्याला लंडनच्या सेल्फ्रिजेस या बड्या दुकानात ‘स्पोर्ट्स डेमॉन्स्ट्रेटर’ म्हणून चिकटवला. वर्षाला २५० पौंड वेगळे. नियमही मोडला नाही आणि कामही झालं. सेटिंग म्हणजे काय, तर हे! ढगळ चड्डी घालून खेळणाऱ्या या जेम्सने आर्सेनलबरोबर चार लीग आणि दोन एफए कप जिंकले. एकाच गावातली, एकाच शाळेतली दोन पोरं, दोघंही तितकीच अवली. एकाला पाठीशी उभा राहणारा क्लब मिळाला.

चेल्सीत ह्यूईने गोल करायचे थांबवले नाहीत. लीगमध्ये १३२ सामन्यांत ७२. पण संघ तारे गोळा करून बनवलेला, एकसंध कधी झालाच नाही. १९३२ मध्ये एफए कपच्या सेमीफायनलला गाठ पडली ती नेमकी न्यूकॅसलशी. ह्यूईने आपल्या जुन्या क्लबवर गोल केला, तरी न्यूकॅसल २-१ ने जिंकलं आणि पुढे कपही घेऊन गेलं.

मैदानाबाहेर तो रखडलेला घटस्फोट अखेर निकाली निघाला. त्यात सुमारे ४,००० पौंड गेले. वरच्याच हिशेबाने बघितलं तर दहा वर्षांचा पगार. १९३४ मध्ये इंग्लंडमधल्या सगळ्यात महागड्या सेंटर फॉरवर्डांपैकी एक असलेला हा माणूस दिवाळखोर जाहीर झाला. दारू पीत होता का? पीत होता. भांडणं, राडे, पोलीस स्टेशन, सगळं झालं. त्याचं सगळं खापर पगाराच्या नियमावर फोडता येणार नाही, आणि मला फोडायचंही नाही.

पण पुढचं बघा. नोव्हेंबर १९३४, डर्बी काउंटी, २,७५० पौंड. महिनाभरात ब्लॅकबर्नविरुद्ध एका सामन्यात पाच गोल. १९३६, नॉट्स काउंटी, २,००० पौंड. जानेवारी १९३८, ग्रिम्सबी, १,०००. त्याच वर्षी जूनमध्ये गेट्सहेड, ५००. गेट्सहेड म्हणजे टाइन नदीच्या पलीकडे न्यूकॅसलच्या समोरचं गाव, क्लब खालच्या डिव्हिजनमधला. पस्तीस वर्षांचा ह्यूई तिथे गेला आणि सप्टेंबरमध्ये रॉदरहॅमविरुद्ध पुन्हा एका सामन्यात पाच गोल मारून मोकळा झाला. सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं, लीग बंद पडली, तिथेच त्याची कारकीर्दही थांबली.

एअरड्रीपासून गेट्सहेडपर्यंत सगळ्या सौद्यांची बेरीज केली. २२,७५० पौंड. एका माणसाच्या पायांवर क्लबांनी एकमेकांना दिलेले पैसे. नियमाप्रमाणे त्याचा वाटा दर सहीला दहा पौंड. नियमाबाहेर टेबलाखालून बरंच काही चालायचं, पण टेबलाखालच्या पैशाची पावती नसते आणि म्हातारपणी तो पेन्शन होऊन येत नाही.

म्हणून ते ‘वाया गेला’ मला खटकतं. सहा क्लबांनी त्याच्या जिवावर मैदानं भरली, एकाने तर लीग जिंकली. प्रत्येकाने पुरेपूर वसूल केलं. वाया गेलं कोणाचं?

गेट्सहेडमधली वर्षं

युद्धानंतर तो गेट्सहेडमध्येच राहिला. मिळेल ते काम केलं. काही काळ पेपरात फुटबॉलवर लिहिलं, तेही तिखट. धर्मादाय सामने खेळायचा, पन्नाशी उलटून गेल्यावरही. ज्यांच्या वडिलांनी त्याला १९२७ मध्ये पाहिलं होतं ती पोरं आता त्याला बघायला यायची.

१९५० च्या अखेरीस दुसरी बायको वारली. तिच्याबरोबर संसार नीट चालला होता. ती गेल्यावर घर आणि मुलं त्याच्या एकट्यावर पडली आणि दारू परत वाढली. मे १९५७ मध्ये रागाच्या भरात त्याने धाकट्या मुलाला दुखापत केली. पोलीस आले, मुलाला घरातून हलवलं गेलं, ह्यूईवर खटला दाखल झाला. मुलावर हात टाकण्याला कुठलीही सबब नाही, ३८७ गोलांचीही नाही. हे त्याचं त्यालाही कळलेलं होतं, असं त्या दिवसांत त्याला भेटलेल्यांनी सांगितलंय. तो गावात एकटाच फिरत राहायचा, कोणाशी धड बोलत नव्हता.

कोर्टाची तारीख होती १२ जून. ११ जून १९५७ ला ह्यूईने स्वतःचं आयुष्य संपवलं. वय ५४. याबद्दल बाकी तपशील इंटरनेटवर नको तितके आहेत, इथे ते लिहीत नाही. त्या महिनाभरात त्याच्याशी बसून बोलायला कोणी हवं होतं, आणि ज्या शहरात त्याच्या नावावर ६८ हजार माणसं जमली होती तिथे ते कोणी मिळालं नाही, हे मात्र मनातून जात नाही.

पगाराची मर्यादा उठली जानेवारी १९६१ मध्ये. जिमी हिल या खेळाडूच्या पुढाकाराने संघटनेने संपाची धमकी दिली तेव्हा. तोवर ती २० पौंडांवर आली होती. मर्यादा उठताच फुलहॅमने जॉनी हेन्सला आठवड्याला १०० पौंड दिले. राहिली ती ‘रिटेन’वाली भानगड. तिच्यावर कोर्टात गेला जॉर्ज ईस्टहॅम, क्लब सोडून देईना म्हणून. १९६३ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की करार संपलेल्या खेळाडूला असं डांबून ठेवणं हा त्याच्या व्यवसायावर गैरवाजवी निर्बंध आहे. त्या खटल्यात ईस्टहॅमच्या विरोधात उभा असलेला क्लब होता न्यूकॅसल युनायटेड.